उन्हाची मोट
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलणारे आहेत, पीकविम्यावर बोलणारे आहेत. मला कार्यकर्त्यांनी वेगळेच काम दिले आहे. सोलरची प्लेट उन्हाची वीज कशी करते, ते सांगायचे. काही जण म्हणतील, ते कळून आपल्याला काय करायचे? बटन दाबले, पाणी आले, विषय संपला. मीही असेच म्हणत होतो. ते न कळण्याची किंमत मोजायची वेळ आली तेव्हा डोळे उघडले.

माझ्या विहिरीवर तीन एच.पी.चा सोलर पंप आहे. बसवून सहा वर्षे झाली. गेल्या मे महिन्यात पंपाची धार बारीक झाली. भर दुपारी, ऊन आग ओकत असताना, डिसेंबरात यायची तेवढीसुद्धा धार नाही. आणि साडेतीन वाजले की पंप जवळजवळ बंदच. कंपनीचा माणूस बोलावला. हमीची मुदत सरलेली होती. त्याने प्लेटांकडे पाच मिनिटे पाहिले आणि म्हणाला, "काका, दोन प्लेटा मेल्या. बदलाव्या लागतील." त्याने सांगितलेला आकडा तीन क्विंटल कापसाच्या पैशाएवढा होता. मी विचारले, "मेल्या म्हणजे काय झालं?" तो म्हणाला, "ते टेक्निकल असते, तुम्हाला नाही समजणार."

भावांनो, 'तुम्हाला नाही समजणार' हे वाक्य आपण बियाण्याच्या दुकानात ऐकले, औषधाच्या दुकानात ऐकले, बँकेत ऐकले. हे वाक्य कानावर पडले की आधी खिसा सांभाळावा. मी त्या माणसाला चहा पाजून परत पाठवले आणि कॉलेजात विज्ञान शिकवणाऱ्या भाच्याला बोलावून घेतले. तो दोन दिवस माझ्याबरोबर विहिरीवर बसला. त्याने समजावले ते आज तुमच्यापुढे मांडतो. प्लेटा मेल्या होत्या की नाही, ते शेवटी सांगेन.

ऊन आणि उजेड

पहिली गोष्ट. आपल्याला वाटते, ऊन जितके कडक तितकी वीज जास्त. प्लेट तापते आणि त्या तापण्यातून वीज निघते. हे चूक आहे. प्लेट उष्णतेवर चालत नाही, उजेडावर चालते. उष्णता तिची वैरीण आहे. कशी, ते पुढे येईल.

उजेड म्हणजे सलग वाहणारी धार नव्हे. जोंधळ्याची रास लांबून सलग दिसते, पण हातात घेतली की दाणे दाणे असतात. उजेडाचेही तसेच आहे. तो दाण्यादाण्याने येतो. त्या दाण्याला फोटॉन म्हणतात. हे १९०५ साली आइन्स्टाइनने मांडले आणि १९२१ चे नोबेल पारितोषिक त्याला मुख्यतः या कामासाठी मिळाले. सगळे दाणे सारख्या जोराचे नसतात. निळ्या उजेडाचा दाणा जोरकस, तांबड्याचा त्याहून कमी, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा त्याहूनही कमी.

आता हा दाणा प्लेटेत शिरून काय करतो? इथे मला आपल्या वाडवडिलांची मोट आठवते. तरुण पोरांनी मोट पाहिली नसेल, पण इथे पांढऱ्या डोक्याची पुष्कळ मंडळी बसली आहेत. बैलजोडी धावेवरून खाली उतरायची, नाडा ताणला जायचा, मोट भरून वर यायची, थारोळ्यात रिकामी व्हायची आणि तिथून पाणी पाटाने वावरात जायचे.

प्लेटेतल्या काळ्या-निळ्या पदार्थाचे नाव सिलिकॉन. वाळूत, गारगोटीत जो असतो तोच, फक्त फार शुद्ध केलेला. त्यातले इलेक्ट्रॉन आपापल्या अणूंशी बांधलेले असतात. ते म्हणजे विहिरीतले पाणी. पाणी आहे, पण खाली आहे, वावराला उपयोगाचे नाही. उजेडाचा एक दाणा येतो आणि एका इलेक्ट्रॉनला ओढून थारोळ्यावर आणतो. म्हणजे त्याला अणूच्या बंधनातून मोकळा करतो. एक दाणा, एक मोट.

यात एक मेख आहे. बैलजोडी दमून धावेच्या मध्येच थांबली तर मोट विहिरीतच लोंबकळते, थारोळ्यात थेंब पडत नाही. अशा दहा दमलेल्या जोड्या एकामागून एक आणल्या तरी पाटाला पाणी नाही. तसेच कमी जोराचा दाणा इलेक्ट्रॉनला थारोळ्यापर्यंत आणू शकत नाही आणि असे दाणे कितीही आले तरी त्यांची बेरीज होत नाही. उलट फार जोराचा दाणा मोट थारोळ्याच्या वर उचलतो. पण पाटाला पाणी मिळणार ते थारोळ्याच्याच उंचीवरून. वरचा जोर वाया जातो, प्लेट तापवण्यात खर्च होतो.

सूर्याच्या उजेडातली सुमारे पाचवा हिस्सा शक्ती कमी जोराच्या दाण्यांत असते. ती सिलिकॉनच्या कामाची नाही. सुमारे तिसरा हिस्सा वरचा जोर म्हणून वाया जातो. म्हणजे निम्म्याहून जास्त शक्ती आधीच गेली. राहिलेल्यातही गळती होते. म्हणून साध्या सिलिकॉनच्या प्लेटेला उन्हातल्या शक्तीपैकी जास्तीत जास्त २९ टक्क्यांच्या आसपासच वीज करता येते. हा निसर्गाचा नियम आहे, कुठल्या कंपनीचा नाही. आज बाजारात चांगली प्लेट २० ते २३ टक्के देते. उद्या कोणी वावरात येऊन म्हणाला, आमची सिलिकॉनची प्लेट ४० टक्के देते, तर त्याला बसायला घोंगडी टाका, पण सही करू नका.

पाटाला उतार कोणी दिला?

मोट रिकामी झाली. पाणी थारोळ्यात आले. पण पाटाला उतारच नसेल तर? पाणी तिथेच तुंबेल आणि झिरपून पुन्हा विहिरीत जाईल. नुसत्या शुद्ध सिलिकॉनचे हेच होते. उजेड पडतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात, इकडे तिकडे भटकतात आणि पुन्हा एखाद्या रिकाम्या जागेत जाऊन पडतात. वीज मिळत नाही. उतार पाहिजे.

हा उतार माणसाला सापडला तो एका भेगेमुळे. १९४० साली अमेरिकेत, बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत रसेल ओल नावाचा संशोधक सिलिकॉनच्या कांड्या तपासत होता. एका कांडीला मधोमध चीर गेलेली होती. दुसरा कोणी ती फेकून देता. ओलने तिच्यावर उजेड टाकला तर तिच्या दोन टोकांमध्ये जवळजवळ अर्धा व्होल्ट दाब दिसला. चौकशी केल्यावर कळले की कांडी थंड होताना तिच्यातली भेसळ एकसारखी पसरली नव्हती. एका बाजूला एका प्रकारची राहिली, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या प्रकारची. जिथे त्या दोन भागांची गाठ पडली, तिथेच सगळी करामत होती.

भेसळ म्हटले की आपल्याला दुधातली आणि खतातली आठवते. ही भेसळ मोजूनमापून, मुद्दाम केलेली असते, लाखो अणूंमागे एखादा अणू. सिलिकॉनच्या अणूला चार हात असतात असे समजा. चारही हातांनी तो चार शेजाऱ्यांना धरून बसतो. त्यात फॉस्फरस मिसळला तर त्याला पाच हात. चार शेजाऱ्यांना दिले, पाचवा मोकळा. म्हणजे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा. ही झाली एन बाजू. दुसऱ्या बाजूला बोरॉन मिसळला तर त्याला तीनच हात. एक जागा रिकामी. ही झाली पी बाजू.

रिकामी जागा कशी चालते, असे मीही भाच्याला विचारले. तो म्हणाला, "मामा, जिनिंगसमोर कापसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते ना? पुढची ट्रॉली आत गेली की तिची जागा रिकामी. मागची पुढे सरकते. तिची जागा रिकामी. मग तिच्या मागची सरकते. ट्रॉल्या पुढे जातात आणि रिकामी जागा रांगेच्या मागे मागे जाते." इलेक्ट्रॉनचेही तसेच. इलेक्ट्रॉन एकीकडे, रिकामी जागा दुसरीकडे.

आता पी आणि एन यांची गाठ पडली की सांध्याजवळचे एन बाजूचे जास्तीचे इलेक्ट्रॉन पलीकडे जाऊन पी बाजूच्या रिकाम्या जागांत बसतात. थोडेच जातात, मग थांबतात. का थांबतात? कारण इलेक्ट्रॉन गेल्यामुळे एन बाजूच्या फॉस्फरसच्या अणूंवर धन भार राहतो आणि इलेक्ट्रॉन आल्यामुळे पी बाजूच्या बोरॉनच्या अणूंवर ऋण भार येतो. हे अणू जागचे हलू शकत नाहीत, धुऱ्यावर रोवलेल्या दगडासारखे. त्यांच्या ओढण्या-ढकलण्यातून सांध्यावर कायमचा एक उतार तयार होतो. केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ जागेत.

हाच आपला पाट. उजेडाच्या दाण्याने मोकळा केलेला इलेक्ट्रॉन भटकत भटकत सांध्याशी आला की उतार त्याला एन बाजूला नेतो. रिकामी जागा पी बाजूला जाते. दोघांची ताटातूट झाली की परत मिटणे अवघड. प्लेटेवर ज्या चंदेरी बारीक रेघा दिसतात त्या हे इलेक्ट्रॉन गोळा करतात. तारेने ते पंपाकडे जातात, मोटर फिरवतात आणि दुसऱ्या तारेने परत प्लेटेच्या दुसऱ्या बाजूला येऊन रिकाम्या जागेत बसतात. पुन्हा दाणा आला की पुन्हा वर. काही जळत नाही, काही संपत नाही. डिझेल इंजिनात तेल जळते, प्लेटेत इलेक्ट्रॉन फक्त फेऱ्या मारतो. म्हणून चांगली प्लेट पंचवीस वर्षे काम देऊ शकते.

ओलच्या त्या भेगेवरून १९५४ साली त्याच प्रयोगशाळेतल्या चॅपिन, फुलर आणि पिअरसन या तिघांनी पहिला कामाचा सिलिकॉन सौर घट केला. उन्हातले सहा टक्के त्यात विजेत यायचे. खेड्यापाड्यातल्या, दमट हवेतल्या टेलिफोनला बॅटरी टिकत नाही, ही चॅपिनपुढची अडचण होती. आणि १९५५ मध्ये त्याची वावरातली पहिली परीक्षा झाली ती जॉर्जिया राज्यात, अमेरिकस गावाजवळच्या ग्रामीण टेलिफोनच्या तारेवर. जॉर्जिया म्हणजे अमेरिकेतले जुने कापसाचे राज्य. १९५८ साली व्हॅनगार्ड उपग्रहावर हे घट आकाशात गेले, हे सगळ्यांना सांगितले जाते. आकाशाआधी ते कापूसवाल्यांच्या मुलखात येऊन गेले, हे कोणी सांगत नाही.

माझ्या प्लेटांचे काय झाले होते?

आता मे महिन्याकडे येऊ. भाच्याने मला तीन गोष्टी दाखवल्या.

पहिली, ताप. प्लेटेमागच्या लेबलवर जे वॅट लिहिलेले असतात ते घट २५ अंशांवर असताना आणि चौरस मीटरला १००० वॅट उजेड पडत असताना मोजलेले असतात. मे महिन्यात आपल्याकडे प्लेट ६५ अंशांपर्यंत तापते. उष्णतेने सिलिकॉनचे अणू थरथरतात, गळती वाढते. जणू उन्हाने पाटाला भेगा पडून पाणी विहिरीत परत झिरपते. दाब उतरतो. दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी. ४० अंश जास्त म्हणजे १२ ते १६ टक्के घट. वर धूळ बसलेली, आणि विहिरीचे पाणीही खोल गेलेले. दुपारची धार बारीक होणारच. डिसेंबरातले स्वच्छ, थंड ऊन प्लेटेला मानवते. हरभऱ्याला मानवते तसेच.

दुसरी, सावली. एका घटाचा दाब अर्ध्या व्होल्टपेक्षा थोडाच जास्त. त्याने काय होणार? म्हणून घट साखळीत जोडतात, प्लेटाही साखळीत जोडतात आणि दाब वाढवतात. पण साखळीत सगळ्यांतून प्रवाह एकच वाहतो. रबरी नळी एका जागी पायाखाली आली की सगळ्या नळीचे पाणी कमी होते. तसे एका घटावर सावली पडली की तो सगळ्या साखळीला अडवतो. त्यावर उपाय म्हणून प्लेटेत डायोड बसवलेले असतात. ते अडलेला भाग वगळून प्रवाह पुढे नेतात. पण त्या भागाची वीज गेली ती गेलीच, आणि फार दिवस असे चालले तर सावलीतला घट तापून तिथे तपकिरी डागही पडतो.

माझ्या पश्चिमेच्या धुऱ्यावर एक लिंब आहे. प्लेटा बसवल्या तेव्हा तो माझ्या खांद्याएवढा होता. सहा वर्षांत तो वाढला, मी पाहिला नाही. साडेतीन वाजता त्याची फांदी कोपऱ्यातल्या दोन प्लेटांवर सावली टाकत होती. मेलेल्या दोन प्लेटा त्याच!

तिसरी गोष्ट, मोजमाप. भाच्याने सकाळी लिंबाची सावली नसताना एकेक प्लेट सुटी करून मल्टीमीटरने दाब मोजला. सगळ्यांचा दाब सारखा आणि लेबलवरच्या आकड्याजवळ. पण एक धोक्याची सूचना. साखळीतल्या प्लेटांचा एकत्रित दाब शेकडो व्होल्ट असू शकतो आणि ऊन असेपर्यंत तो बंद होत नाही. पंप चालू असताना जोड ओढू नका, ठिणगी जाळते. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. पण करवून घ्या, आणि समोर उभे राहा.

लिंबाच्या दोन फांद्या छाटल्या. भल्या सकाळी, काच थंड असताना, प्लेटा पुसल्या. साडेपाचपर्यंत पंप चालू लागला. भर दुपारची धार थोडी कमी राहिली, ती राहणारच, ते निसर्गाचे देणे आहे. तीन क्विंटल कापसाचे पैसे घरात राहिले.

हिशेब मांडा

आपण कोरडवाहू माणसे. पावसाने पंचवीस दिवस ताण दिला आणि पऱ्हाटी बोंडावर असली की एक पाणी म्हणजे वर्षाचा हिशेब. एका एकराला पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे दोन लाख लिटर. ते वीस मीटरवरून उचलायला निव्वळ अकरा युनिट लागतात. पंप-मोटरीची गळती धरली तर बावीस. तीन हजार वॅटच्या प्लेटा स्वच्छ दिवसाला, ताप-धूळ वजा जाता, साधारण बारा युनिट देतात. म्हणजे एका एकराच्या एका पाण्याला दोन दिवस. विहिरीत पाणी असेल तर! ऊन फुकट आहे, विहीर फुकट नाही. प्लेट पाणी उचलते, पाणी तयार करत नाही. रात्रीच्या पाळीला, विंचू-सापाच्या अंधारात बांधावर जाणे मात्र चुकते, ही छोटी गोष्ट नाही.

२०२४ पासून राज्यात मागेल त्याला सौर कृषी पंप योजना आहे. सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा पाच टक्के. दहा टक्के भरले म्हणून दहा टक्केच विचारायचे, असे समजू नका. प्लेट शंभर टक्के आपल्या वावरात उभी राहणार आहे. बसवायला माणूस आला की विचारा: प्लेटेचे वॅट किती आणि लेबल कुठे आहे? दर अंशाला किती टक्के घट लिहिली आहे? तोंड दक्षिणेला आहे का? सकाळी नऊपासून संध्याकाळी चारपर्यंत झाडाची, खांबाची, विहिरीच्या कठड्याची सावली कुठे पडते? दहा वर्षांनी ते झाड केवढे होईल? पाठीमागून वारा खेळायला जागा आहे का?

मायबहिणींना एक विनंती. प्लेटा पुसण्याचे काम बहुतेक घरी तुमच्याकडेच येते. मग पुसणारीने लेबल वाचलेच पाहिजे आणि साडेतीनची सावली तुम्हीच पाहायची. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मात्र ओतू नका.

ज्याला मोटेचे गणित कळत होते, त्याला हे कळणार नाही असे कोणी म्हणू नये. पुढच्या बैठकीला येताना, ज्यांच्याकडे प्लेटा आहेत त्यांनी लेबलवरचे आकडे आणि सावलीची वेळ कागदावर लिहून आणावी. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी जागा पाहून यावे. आपण सगळे मिळून वाचू. मग कंपनीचा माणूस 'तुम्हाला नाही समजणार' म्हणाला की त्याच्यासमोर हा कागद ठेवायचा.

एवढे बोलून थांबतो.